दोन ब्रेकची गाडी

पाऊस भुरभुरत होता, आणि चौकातल्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभा असलेला तो माणूस गाड्यांना हात करकरून पुढे पाठवत होता.

थांबवत नव्हता हं, पाठवत होता. ते पट्टे पायी चालणाऱ्यांसाठीच रंगवलेले असतात, हे बहुधा त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एक बस गेली, मागोमाग दोन टेम्पो गेले, सायकलवरून एक आजीबाई गेल्या... आणि हा आपला प्रत्येकाला मान लववून ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणतोय. काखेत पुठ्ठ्याचं खोकं, कपाळाला चिकटलेले ओले केस, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपण या रस्त्यावर जागा अडवतो आहोत याबद्दल त्याला मनापासून वाईट वाटतंय.

ताई आपल्या शिकाऊ गाडीत बसून हे बघत होती. ताई म्हणजे आत्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची एकुलती एक शिक्षिका. वय सत्तावीस, पण शिकायला येणारे सगळेच तिला ताई म्हणत, मग ते तिच्या वडिलांच्या वयाचे का असेनात. हुशार होती, बोलायला फटकळ होती, आणि तिला एका गोष्टीचा फार अभिमान होता. माणूस सीटवर बसून पट्टा कसा ओढतो, तेवढ्यावरून तो पास होणार की नापास हे ती सांगायची. “शितावरून भाताची परीक्षा,” असं म्हणायची, आणि तिथल्या तिथे त्याला नाव ठेवून मोकळी व्हायची. कुणी तोफ, कुणी शहामृग. आत्ता तिच्या शेजारी स्टिअरिंगला लोंबकळल्यासारखे बसलेले निवृत्त पोस्टमास्तर म्हणजे कासवकाका.

“बघितलंत काका? तुमच्यापेक्षा वरचढ कुणीतरी आहे जगात,” ती म्हणाली. “ससा. शंभर टक्के ससा.”

आणि तिने हात लांब करून हॉर्न वाजवला.

तो हातभर उंच उडाला. खोकं खाली पडलं, त्यातून पायाला पट्टी बांधलेलं एक मांजर बाहेर आलं आणि थेट ताईच्या गाडीखाली शिरलं. पुढच्या क्षणी तो माणूसही गाडीखाली होता. भर रस्त्यात, ओल्या डांबरावर पालथा, मागे हॉर्नचा कल्लोळ उठलेला... आणि खालून मात्र अगदी शांत आवाज येत होता, “ये गं... ये... कुणी काही करत नाही तुला...”

थोड्या वेळाने मांजर शर्टात कोंबून तो खिडकीशी आला. मनगटावर लांबलचक ओरखडा होता.

“माफ करा हं,” तो म्हणाला.

“हॉर्न मी वाजवला. माफी तुम्ही कसली मागताय?”

“नाही, म्हणजे... तुमचा खोळंबा झाला.”

“तुम्हाला रस्ता ओलांडायचाय ना? मग ओलांडा की!”

“हो हो. गाड्या संपल्या की लगेच.”

“शहरातल्या?”

तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या, आणि का कोण जाणे, ताईने त्या नीट पाहून घेतल्या. पण तिचा निकाल आधीच लागला होता. एकदा ससा म्हटलं की ससा.

दुसऱ्या आठवड्यात तो ससा स्कूलच्या दारात उभा.

आत्या टेबलामागे बसली होती. अर्ध्या शहराला गाडी शिकवून तिचे गुडघे गेले होते, म्हणून आता ती फक्त पावत्या फाडायची आणि सल्ले द्यायची. सल्ल्यांना पावती लागत नसे. तिने त्याला खुर्ची दिली आणि पाचच मिनिटांत त्याची सगळी माहिती काढून घेतली. तो जनावरांचा डॉक्टर होता. डोंगरातल्या वस्त्यांसाठी फिरता दवाखाना सुरू होणार होता. औषधांनी भरलेली एक व्हॅन आणि तिच्यासोबत एकच डॉक्टर. तो डॉक्टर व्हायची त्याची कॉलेजपासूनची इच्छा. निवडही झाली होती, फक्त एक अट होती... व्हॅन स्वतः चालवता आली पाहिजे.

“आणि नाही आली तर?” आत्याने विचारलं.

“तर ती दुसऱ्या कुणालातरी देतील. मी इथेच शहरात कुत्र्यांची नखं कापत बसेन.” तो ओशाळून हसला. “नखं कापण्यात वाईट काही नाही. पण तिकडे वर गाय अडली तर लोक तिला हातगाडीवर घालून खाली आणतात हो. निम्म्या वाटेतच जातात बिचाऱ्या.”

तेवढ्यात ताई आत आली. दोघांनी एकमेकांना पाहिलं.

“तुम्ही!” तो म्हणाला.

“मांजर कसंय?” ती म्हणाली.

“बरंय. तुमचा हॉर्न अजून विसरलेलं नाही.”

शिकवणी सुरू झाली.

आत्याची गाडी म्हणजे बाहेरून इतर कुठल्याही गाडीसारखी. फक्त शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक. शिकणारा चुकला तर शेजारच्याने गाडी सावरायची, एवढ्यासाठी. डॉक्टर पहिल्या दिवशी गाडीत बसला, त्याने पट्टा अलगद ओढला, आरशात बघून मागच्या रिकाम्या रस्त्याला जवळजवळ नमस्कार केला, आणि इंडिकेटरऐवजी वायपर चालू केले. कोरड्या काचेवर वायपर कुरकुरत राहिले.

“पाऊस येणारेय का डॉक्टर?” ताईने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

“नाही. वळायचं होतं.”

“मग त्या मागच्या रिक्षावाल्याला काय समजायचं? की तुम्ही त्याला टाटा करताय?”

तो इतका मोकळेपणी हसला, की गाडी बंद पडली.

दिवस असे जात राहिले. तो घाबरत होता, यात शंकाच नव्हती. समोरून ट्रक आला की त्याची पाचावर धारण बसायची. चौक दिसला की ताईचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. लाल दिवा, पाय. पोरांची शाळा सुटली, पाय. कुठे एखादं पान उडालं तरी पाय. गाडी थांबायची, ताई सुस्कारा सोडायची आणि मनात म्हणायची, बघा, मी होते म्हणून.

पण मधल्या वेळात... मधल्या वेळात ते बोलायचे. तो रस्त्यावरच्या कुत्र्यांची ओळख करून द्यायचा. हे लंगडत नाही, नाटकी आहे. ही काळी, तीन पिल्लांची आई, फार मानी. ताई पोट धरून हसायची. रिव्हर्स गिअर टाकता येईना, तेव्हा तिने त्याच्या हातावर हात ठेवून दांडा खाली दाबला, बाजूला केला, मागे ओढला — आणि मग तो हात तिथेच राहिला. गिअर तर कधीच पडला होता.

“पडला वाटतं,” तो हळूच म्हणाला.

“काय?”

“गिअर.”

“मला दिसतंय,” म्हणत तिने हात काढून घेतला आणि उगाचच आरसा नीट केला. नीट असलेला आरसा वाकडा झाला.

एकदा बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, “अहो ससोबा, क्लच!”

“ससोबा?” त्याने गाडी कडेला घेतली. म्हणजे, ताईनेच घेतली. “हे माझं नाव आहे का?”

ताईने जीभ चावली. “सगळ्यांनाच ठेवते मी. वाईट वाटून घेऊ नका.”

“वाईट नाही वाटलं. पण ससा तुम्हाला वाटतो तसा नसतो. त्याला भीती वाटते हे खरं. तरी तो रोज बिळातून बाहेर येतोच की. ज्याला भीतीच वाटत नाही, त्याला बाहेर येण्यात कसलं आलंय कौतुक?”

“क्लच,” ताई पुन्हा म्हणाली. शेवटचा शब्द त्याचा ठरला होता, म्हणून ती घरी जाईपर्यंत चिडलेली होती.

परीक्षेचा दिवस आला. शहरातले परीक्षक म्हणजे एक जाडजूड गृहस्थ. त्यांच्या चेहऱ्यावरून पास की नापास, एवढंच काय, त्यांना भूक लागली आहे की नाही हेही कळत नसे. स्कूलमध्ये त्यांना मख्खसाहेब म्हणत. ते पुढे शिकवणाऱ्याच्या जागेवर बसायचे, आणि शिकवणाऱ्याने मागच्या सीटवर तोंडाला कुलूप लावून बसायचं, असा नियम होता. मख्खसाहेबांना एकदाही आपला ब्रेक दाबावा लागला, की संपलं.

डॉक्टरने छान सुरुवात केली. इंडिकेटर हा इंडिकेटरच होता. मग चौक आला, लाल दिवा लागला, आणि गाडी चालतच राहिली. पांढरी रेघ जवळ आली... आणखी जवळ... डॉक्टर समोर बघत बसलेला, हात स्टिअरिंगवर, पाय जिथल्या तिथे. मख्खसाहेबांचा बूट खाली गेला. गाडी धक्का खाऊन थांबली.

“नापास,” मख्खसाहेब म्हणाले.

परीक्षेच्या मैदानात परतल्यावर ताईचा पारा चढला. “लाल दिवा दिसला नाही तुम्हाला?”

“दिसला.”

“मग थांबला का नाहीत?”

“मला वाटलं...” तो गोंधळून आपल्या हातांकडे बघत होता. “गाडी थांबेल असं वाटलं.”

“आपोआप?”

“रोज थांबते,” तो साधेपणाने म्हणाला.

ताई रागात होती, तिने ते वाक्य ऐकलंच नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! “मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्या पट्ट्यांपाशी उभे होतात ना, तेव्हाच. काही माणसांचा हा प्रांतच नसतो.”

फिरत्या दवाखान्याच्या लोकांनी त्याला आणखी एकच संधी दिली होती. महिनाअखेरीला शेवटची परीक्षा, त्यानंतर व्हॅन दुसऱ्याची. हे ताईला माहीत होतं. माहीत असून ती बोलली होती.

“ओळखलं नव्हतं तुम्ही,” तो शांतपणे म्हणाला. आवाज तोच, गाडीखालचा. “ठरवलं होतं.”

आणि तो निघून गेला. रस्ता ओलांडून गेला, गाड्या थांबवून. ताईने ते पाहिलं आणि तिला जास्तच राग आला, कुणाचा ते मात्र कळेना.

चार दिवस तो आला नाही. त्याच्या वेळेला ताई गाडी पुसत बसायची. रस्त्यातली ती काळी कुत्री दिसली की हातातलं फडकं थांबायचं. छे, काहीतरीच! असे किती शिकाऊ आले नि गेले. पण असा कुणी गेला नव्हता, हेही खरं.

रविवारी स्कूल बंद. आत्याने पेडलवरची रबरं बदलायला काढली. ती बाहेर स्टुलावर बसून हुकूम सोडत होती आणि ताई गाडीत वाकून जुनी रबरं ओढून काढत होती. जुनी म्हणजे तरी काय, दीड-दोन महिन्यांपूर्वी सगळी एकदमच बसवलेली.

आत्याने ती मांडीवर ओळीने लावली आणि चष्मा वर केला. “काय गं, हे कुठलं?”

“शिकणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक.”

“आणि हे?”

“माझ्या बाजूचा.”

शिकणाऱ्याच्या रबरावरच्या रेघा नव्यासारख्या उठून दिसत होत्या. ताईचं रबर मात्र गुळगुळीत झालं होतं, मधे तर झिजून पातळ.

“शिकणाऱ्याचा ब्रेक कोरा करकरीत, आणि शिकवणारीचा असा!” आत्या म्हणाली. “अगं बाई, या गाडीत शिकतंय कोण?”

ताई हसणार होती. मग थांबली. ते रबर तिने हातात घेतलं आणि अंगठा फिरवला. रोज थांबते... तो म्हणाला होता. गाडी रोज थांबते!

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. ज्याला ती तोफ म्हणायची तो पोरगा गाडी चालवायचा तेव्हा ती खिडकीबाहेर बघत गाणं गुणगुणायची. पहिल्याच दिवशी तो हुशार ठरला होता ना! तो चुकायचा, सावरायचा आणि शिकायचा. कासवकाका आणि ससोबा मात्र पहिल्या मिनिटात घाबरट ठरले, म्हणून तिने त्यांना कधी थांबूच दिलं नाही. ते ब्रेक लावायच्या आत हिने लावला. मग त्यांनी लावायचं सोडून दिलं. मग ते नापास झाले. आणि मग ही म्हणाली, बघा, मी सांगितलंच होतं!

“आत्या, कासवकाका कितीदा नापास झालेत गं?”

“तीनदा. का?”

“त्यांना फोन कर. म्हणावं, उद्यापासून पुन्हा या, पैसे नकोत.” ताई गाडीतून उतरली. “आणि मी चालले.”

“अगं हात तरी धू!”

हात न धुताच ती त्याच्या शहरातल्या दवाखान्यात पोचली. रविवार असूनही बाकावर गर्दी होती. एका बाजूला पिंजऱ्यातला पोपट, दुसऱ्या बाजूला वासराएवढा कुत्रा. कुत्र्याने तिच्याकडे पाहून असा काही गुरगुराट केला, की वाघासारख्या ट्रकला न भिणारी ताई दोन्ही पाय वर घेऊन बाकावर मांडी घालून बसली. तेवढ्यात आतलं दार उघडलं.

डॉक्टर दारात उभा होता. तिच्याकडे, तिच्या मांडीकडे, तिच्या काळ्या झालेल्या हातांकडे बघत.

“कोण आजारी आहे?” त्याने विचारलं.

“मी.” तिने मूठ उघडली. दोन्ही रबरं त्याच्या पुढे धरली. “हे तुमचं. हे माझं. ब्रेक तुम्हाला येत नाही असं मी म्हणत होते... आणि मी तो तुम्हाला कधी लावूच दिला नाही. तुम्ही नापास झाला नाहीत. मी केलं तुम्हाला नापास. मला माफ करा.”

पोपटासकट सगळा बाक कान देऊन ऐकू लागला.

डॉक्टरने रबर उलटंपालटं करून पाहिलं. “मला थोडंफार जाणवायचं,” तो म्हणाला. “माझा पाय पोचायच्या आत पेडल खाली गेलेलं असायचं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही शिकवणाऱ्या. मला वाटलं, मी उशीर करतोय म्हणूनच तुम्ही दाबताय. मग हळूहळू पाय तिकडे जायचाच बंद झाला.” तो थांबला. “तुम्ही मला घाबरट म्हणालात त्याचं काही नाही. मी आहेच. पण माझ्याच्याने होणार नाही, हे मलाही पटायला लागलं होतं... त्याचं वाईट वाटलं.”

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिने कुत्र्याकडे बोट दाखवलं. “हा चावतो का?”

“माहीत नाही. आज पहिल्यांदाच आलाय.”

“इतकं गुरगुरतोय तरी माहीत नाही?”

“दवाखान्यात पहिल्यांदा आलेलं प्रत्येक कुत्रं गुरगुरतं. घाबरलेलं असतं हो. कुत्रं कसं आहे, ते मी तिसऱ्या भेटीनंतर ठरवतो.”

“आणि माणूस?”

“माणसाला जास्त वेळ लागतो.” त्याच्या डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या. “तुमची तपासणी अजून चालू आहे.”

ताई लाजली. कुणी पाहिलं नसेल असं तिला वाटलं, पण अख्ख्या बाकाने पाहिलं होतं.

“उद्या येताय ना?” तिने विचारलं. “दहा दिवस राहिलेत. माझा पाय ब्रेकवर जाणार नाही, शब्द देते.”

“तो आपोआप जातो.”

“मग मी अशीच बसेन,” आपल्या मांडीकडे बघत ती म्हणाली.

आणि खरंच तशीच बसली. पहिल्यांदा, सोमवारी बाजार बंद म्हणून रिकाम्या असलेल्या बाजाराच्या मैदानात, मग मागच्या गल्ल्यांत, मग मोठ्या रस्त्यावर. मोठ्या रस्त्यावर मांडी मोडून तिने टाचा सीटखाली घट्ट रोवल्या. आत्याने ते पाहिलं आणि “विम्याचा हप्ता भरलाय ना गं?” एवढंच विचारलं.

पहिल्या दिवशी तर डॉक्टरने इतका करकचून ब्रेक लावला, की ताईचं कपाळ काचेला टेकता टेकता राहिलं.

“लागला!” तो ओरडला.

“मला?”

“ब्रेक! मी लावला!”

ती कपाळाला हात लावून हसत सुटली. दुसऱ्या दिवशी ब्रेक थोडा मऊ लागला. चौथ्या दिवशी त्याने समोरून येणाऱ्या ट्रकसाठी गाडी कडेला घेतली, थांबवली, ट्रकला वाट दिली आणि पुन्हा रस्त्यावर आणली. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. भीती गेली नव्हती, शेजारीच बसून होती. पण गाडी तो चालवत होता.

अवघड होतं ते ताईचं. प्रत्येक चौकात तिचे पाय वळवळायचे. दात-ओठ खाऊन ती गप्प राहायची. माणसावर विश्वास टाकणं म्हणजे नुसतं तोंडाने म्हणणं नव्हे, पाय आवरणं आहे, हे तिला त्या दहा दिवसांत कळलं. आणखीही एक कळलं, पण ते ती स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलेना. तो पास झाला की डोंगरात जाणार होता. तिच्या मनाचा एक लबाड कोपरा कुजबुजायचा, नापास झाला तर इथेच राहील... त्या कोपऱ्याला ती दटावून बसवायची. गाई खाली आणताना निम्म्या वाटेत जातात, असं तो म्हणाला होता ना!

शेवटच्या परीक्षेला आत्या काठी टेकत स्वतः आली, कारण कासवकाकांचीही परीक्षा त्याच दिवशी होती. काका आधी गेले. ताई मागे बसली होती. काकांनी लाल दिव्यावर गाडी अशी थांबवली, की मख्खसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. हळू होते, कासवच होते, पण त्यांचं ते थांबत होते. उतरले तेव्हा हातातला पास झाल्याचा कागद त्यांनी झेंड्यासारखा फडकवला.

मग डॉक्टर. पुढे तो आणि मख्खसाहेब, मागे ताई, तोंडाला कुलूप. आकाश भरून आलं आणि बाजारपेठेत शिरेपर्यंत सरी कोसळायला लागल्या. वायपर सुरू झाले. पहिला चौक छान पार पडला. मग उतार लागला, आणि उताराच्या तळाशी, पावसातून धावत एक बाई छत्री सांभाळत एकदम रस्त्यात आली...

ताईचा पाय सीटखालून सुटला आणि धाडकन खाली आपटला. तिथे पेडल नव्हतं. नुसती गाडीची जमीन. ती काहीच करू शकत नव्हती. तिने श्वास रोखला —

गाडी थांबली. ना घसरली, ना धक्का बसला. ओल्या रस्त्यावर अलगद दाबत आणल्यासारखी ती बाईपासून चांगल्या अंतरावर उभी राहिली. मख्खसाहेबांचे दोन्ही बूट त्यांच्या जागी, जवळजवळ झोपलेले. पुढे डॉक्टरने स्टिअरिंग घट्ट आवळून धरलं होतं, पण पाय ब्रेकवर ठाम होता. त्याने बाईला हाताने खूण केली, तुम्ही व्हा पुढे. ती गेली. त्याने आरसा पाहिला, गिअर टाकला, आणि निघाला.

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तोंडाला कुलूप होतं, डोळ्यांना नव्हतं.

मैदानात परतल्यावर मख्खसाहेबांनी कागदावर सही केली. “पास,” ते म्हणाले, आणि उतरता उतरता थांबले. “उतारावरचा तो ब्रेक... असा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.” त्यांना चेहरा आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पाऊस ओसरला होता. डॉक्टर गाडीला टेकून उभा होता, हातात कागद घेऊन, विश्वास न बसल्यासारखा. ताई समोर आली. एरवी अर्ध्या मिनिटात जगाचे निकाल लावणारी ताई... आणि आता ती गाडीच्या आरशावरचं पाणी हाताने पुसत होती.

“सोमवारी व्हॅन ताब्यात मिळेल,” तो म्हणाला.

“हो. अभिनंदन.”

“एवढंच?”

“नाही.” तिने खोल श्वास घेतला. “मला तुम्ही आवडता.”

डॉक्टरच्या हातातला कागद खाली पडला. दोघांनीही तो उचलला नाही.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“माहीत नाही. पण पहिल्या नजरेत मुळीच नाही. दुसऱ्याही नाही. लोकांचं काय ते बघताक्षणी होतं म्हणतात, माझं तसलं काही झालेलं नाही. मला फार वेळ लागला. तुम्हाला रोज, रोज बघावं लागलं.” तिने मान वर केली. “म्हणून ते पक्कं आहे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “मला तुम्ही पहिल्या दिवशी फार उद्धट वाटला होतात.”

“आणि आता?”

“आताही वाटता,” तो म्हणाला. “पण ते चार दिवस तुमचा आवाज कानांवर पडला नाही, तर मला जेवण गेलं नाही.”

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. त्याने तिचा हात हातात घेतला. या वेळी गिअरचं निमित्त नव्हतं.

“दर सुट्टीला येईन मी,” तो म्हणाला. “घाटातून. स्वतः चालवत.”

“एकटे?”

“येताना एकटा. जाताना एकट्याने जायचं नाही. तिकडे वर एकालाही नीट गाडी चालवता येत नाही, शिकवणारंच कुणी नाही. आणि मलाही घर लागेलच की.” तो अडखळला नाही, मान खाली घातली नाही, माफीही मागितली नाही. “लग्न करशील माझ्याशी?”

त्याने पहिल्यांदाच तिला एकेरी हाक मारली होती, आणि ती इतकी सरळ आत गेली, की उत्तर द्यायला ताईला शोधाशोध करावी लागली नाही.

“करीन,” ती म्हणाली. “पण घाटात मी शेजारी बसणार, आणि तू ट्रकला घाबरलास तर हसणार.”

“हस. मी घाबरेन आणि चालवेन.”

मैदानाच्या पलीकडून आत्या काठी उंचावून ओरडली, “अगं ए! निकाल काय लागला? मला इथून काही दिसत नाहीये!”

ताईने डॉक्टरचा हात तसाच धरून वर केला. “दोघंही पास, आत्या!”

आत्याने काठी कासवकाकांच्या हातात कोंबली, आणि दुखरे गुडघे विसरून, चिखल तुडवत ती त्या दोघांकडे भराभरा चालत निघाली.